पत्र्याचा शिपाई

धर्मपाल शिपायाला नेरच्या बाजारचौकात उभं राहून सहा वर्षं झाली होती. कापसाचा हंगाम लागला की चारी वाटांनी बैलगाड्या यायच्या, आणि त्याचा उजवा हात वर गेला की बैल, सायकली, एसटीसुद्धा जागच्या जागी थांबायची. त्याला अजूनही वरून पाणी ओतणारी, बोटाला बोट लागू नये म्हणून तंबाखू उंचावरून तळहातावर टाकणारी माणसंही थांबायची. बौद्ध होऊन पाच वर्षं झाली, तरी लोकांचं तेवढं सुटलं नव्हतं. पण तो हात वर असेपर्यंत पुढे सरकायची कोणाची टाप नव्हती.

चौकाच्या कोपऱ्यावर नजीर मिस्त्रीचं दुकान होतं. शिवणयंत्रापासून जिनिंगच्या चाकापर्यंत काहीही तो दुरुस्त करायचा. त्या हिवाळ्यात त्यानं रॉकेलचे डबे कापून पुरुषभर उंचीचा एक शिपाई बनवला. पोटात सायकलची साखळी, दातेरी चाकं, पाठीला किल्ली. किल्ली दिली की पत्र्याचा हात वर जाई, जरा थांबे, खाली येई.

बाजार समितीचे अध्यक्ष हुरळून गेले. "बाहेरदेशी यंत्राचे मानसं करून राह्यले म्हनते. उद्या सारे पोलीस असेच. ना पगार, ना रजा, ना बायकोचं दुखणं!"

फौजदारांनी सांगून टाकलं, येत्या बाजारी यंत्राचं जमलं तर धर्मपालची बदली राजूरला, खाणीकडे.

"रुखमीची सातवीची परीक्षा तोंडावर आली," त्याची बायको कांताबाई म्हणाली. "मधातच कुठी नेता पोरीले?"

"मले काय इचारतं? त्या पत्र्याले इचार."

"म्हंजे तुम्हाले सवत आली म्हना की."

रुखमी पाटीवरून मान वर करून म्हणाली, "बाबा, पण तो दिसते मोठा ऐटबाज." त्या रात्री धर्मपाल अर्ध्या भाकरीवरच उठला.

रोज तो नजीरच्या दुकानाशी रेंगाळायचा. नजीर पत्र्याला मिशा रंगवायचा, सांध्यांत तेल सोडायचा. धर्मपालचे गुडघे दोन वर्षांपासून ठणकत होते. त्यांची चौकशी कोणी केली नव्हती.

"मिशी वाकडी हाये."

"जळतं काय धरमभाऊ?"

"पत्र्यावर कोन जळते!" असं म्हणून तो तिथंच आणखी घटकाभर उभा राहिला.

बाजाराच्या दिवशी त्याला लिंबाखाली उभं राहायचा हुकूम होता. मध्ये पडायचं नाही. नजीरनं किल्ली दिली. हात वर गेला. सगळ्या गाड्या थांबल्या. पहिल्याच गाडीत बाबाराव पाटील होते, सहा वर्षं धर्मपालला वरून तंबाखू टाकणारे. ते खाली उतरले, तोंडाचा आ करून बघत राहिले, आणि वहाणा काढून त्यांनी हात जोडले.

"जागृत दिसते राजेहो!"

मग कोणा बाईनं त्या तळव्याला कुंकू लावलं. पायाशी नारळ फुटला. लोक तो हात चाचपत होते, बोटं कपाळाला लावत होते. लिंबाखाली धर्मपालनं आपला उजवा हात पाठीमागे नेला.

चौथ्या खेपेला पत्र्याच्या पोटात कर्रकन आवाज झाला आणि हात वरच राहिला. मागं गाड्यांवर गाड्या चढल्या. एसटीवाला भोंगा वाजवून थकला. फौजदार ओरडले, "अरे चला, चला!" पण कोणी हलेना.

"हात खाली आल्याबिगर कसं जावं साहेब?" बाबाराव म्हणाले. "त्याचा हुकूम मोडनं बरं नाही."

धर्मपालला ते फार गोड लागलं. राहू दे साल्याले असाच, संध्याकाळपर्यंत. मग त्यानं नजीरकडे पाहिलं. काळ्या हातांतला पाना बोल्टवरून घसरत होता आणि लोक नजीरला हसत होते.

"धरमभाऊ, वरून धर ना जरा. एकट्यानं निंगत नाही."

धर्मपाल गेला. त्यानं पत्र्याचं कोपर धरलं आणि तो थबकला. दहाव्या वर्षी बोरीवरून पडून त्याचा हात मोडला होता, वाकडाच जुळला, पुरता सरळ कधी झालाच नाही. तोच बाक त्याच्या मुठीत होता.

"हे काहून वाकडं केलं?"

"कुठी वाकडं?" नजीर बोल्ट फिरवत म्हणाला. "शिपायाचा हात असाच असते ना? सा वर्सं झाले, दुकानातून मले हाच एक हात वर जाताना दिसते."

हात सुटून धर्मपालकडे आला. तो त्यानं डाव्या काखेत धरला, चौकाच्या मधोमध गेला आणि उजवा वर केला. एक वाट थांबवली, दुसरी सोडली. अर्ध्या तासात चौक मोकळा झाला. जाताना बाबारावांनी पुन्हा हात जोडले. नजर त्याच्या काखेतल्या पत्र्यावर होती.

"राजूरचं राहू दे," फौजदार म्हणाले. "इथंच उभा राहा."

दुरुस्तीचं पुढं पाहू, म्हणून नजीरनं हात धर्मपालपाशीच राहू दिला. दिवेलागणीला तो काखेत घेऊन धर्मपाल घरी आला.

"सवत घरातच आनली!" कांताबाई हसली, राजूर टळल्याचं तिला आधीच कळलं होतं.

रुखमी ओला फडका घेऊन आली. "बाबा, आपन देव मानत नाही ना? पुसून टाकतो हे कुंकू."

त्यानं तिचं मनगट धरलं. "नाही मानत. पन राहू दे आजच्या दिवस."

ती चुलीकडे गेल्यावर त्यानं आपला उजवा हात त्या पत्र्याशेजारी ठेवला. बाक सारखाच होता. कुंकू एकाच हातावर होतं.