दोन दातांचं नवजात बाळ

‘सिनेमातली बाळं’ हा माझा लेख शाळेच्या अंकातून बाद होणार होता, कारण सरांना संदर्भ हवा होता. म्हणून प्रसूती विभागात नर्स असलेल्या मावशीला मी मोबाइलवर एका सिनेमातला बाळाच्या जन्माचा प्रसंग दाखवला.

“हे आत्ता जन्मलं?” मावशी फिस्सकन हसली. “अगं, याला दोन दात आहेत! आणि बाप बघ, मानेखाली हात न धरता भोपळ्यासारखं उचलतोय!”

मी तळटीप लिहिली : मावशी, नर्स, अनुभव बावीस वर्षं.

सर म्हणाले, “मावशी म्हणजे काय संदर्भ? दिग्दर्शकाची मुलाखत शोध.”

“सर, तो उंटावरून शेळ्या हाकतो. बाळांना अंघोळी मावशी घालते!”

सरांनी लेख छपाईच्या गठ्ठ्यात ठेवला. दिग्दर्शकाचं नाव मी मुद्दाम गाळलंय. ज्याला दात दिसत नाहीत, त्याला कशाला प्रसिद्धी?