खिरापतीच्या डब्यातली हार्ड डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी म्हटलेलं मला चालतं, भंगार म्हटलेलं मात्र अजिबात चालत नाही. माझ्या पाठीवर कुंकवाचं एक बोट उमटलेलं आहे. माझ्या जातीतल्या किती जणींना असा मान मिळाला असेल, मला शंकाच आहे. तो कसा मिळाला, ते सांगते.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात गुळगुळीत चकत्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि एक बारीक टोक त्यांना न शिवता वरच्यावर लिहितं, वाचतं. नागपुरात मी सीताबर्डीला दुर्गेशच्या कंप्युटरच्या दुकानात आले. शेजारच्या खोक्यात माझ्यासारखीच दुसरी होती. आम्ही दोघी बहिणीच म्हणा ना. समोरच्या काचेत एक नवी, चपटी डिस्क बसलेली असायची. तिच्या पोटात काही फिरत नाही, आवाज नाही, आणि वेग असा की आम्ही चपला घालेपर्यंत ती गावाला जाऊन यावी. तिचा तोरा पाहून आम्हाला फार राग यायचा.

एके दिवशी कुसुमताई आणि त्यांची मुलगी अबोली दुकानात आल्या. कुसुमताई कन्हानच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता नागपुरात राहणाऱ्या. त्यांचा नाद वेगळाच होता. आमच्याकडे विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. संध्याकाळी मुली मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे, म्हणजे पार्वती-शंकरापुढे, गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा हलवून आतली खिरापत ओळखतात. कुसुमताई गावोगाव जाऊन म्हाताऱ्या बायांची ही गाणी टेप करून आणत, कंप्युटरवर भरत आणि रेकॉर्डर पुढच्या गावासाठी रिकामा करत. बेचाळीस जणींचे आवाज त्यांनी जमवले होते. त्यातल्या अकरा जणी आता या जगात नव्हत्या.

"आई, ती वेगवान डिस्क घे," अबोली म्हणाली. "बटन दाबलं की कंप्युटर सुरू. तुझा चहा होईपर्यंत वाट पाहायची गरज नाही."

"मले काय घाई आहे वं? मले आवाज टिकले पाहिजेत."

दुर्गेशने आम्हा दोघींवर हात ठेवला. "मंग ताई, ही जोडी लावा. जे एकीवर लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जाईन. एक मेली तरी दुसरी उभी राहते. पण एक सांगतो, तरी तिसरी प्रत घराबाहेर कुठं तरी ठेवा."

"दोन-दोन असताना तिसरी कायले पाहिजे गा?" कुसुमताई हसल्या.

मला तर त्याचा तो सल्ला अपमानच वाटला होता. आम्ही दोघी समर्थ असताना तिसरीचं काय काम? मित्रांनो, हा माझा गर्व होता, आता कबूल करते.

आमची सहा वर्षं झोकात गेली. सगळ्यात जास्त लाड आम्ही यमुताईंच्या एकोणीस गाण्यांचे केले. यमुताई म्हणजे कुसुमताईंच्या कन्हानच्या जुन्या शेजारीण. कुसुमताई लग्न होऊन तिथे आल्या तेव्हा पहिली भुलाबाई त्यांना यमुताईंनीच शिकवली. आवाज खडा, आणि मधूनच स्वतःलाच हसणं. ते हसूसुद्धा आम्ही जपून ठेवलं होतं.

मग मे महिना आला आणि माझं अंग बिघडलं. नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. खोलीतला कूलर बंद पडलेला, आणि माझ्या पोटातून टिकटिक आवाज यायला लागला. दुर्गेशने उघडून पाहिलं. "हिच्यावर डाग पडून राहिले ताई. काढून टाकू. दुसरी ठणठणीत आहे, तिच्यासोबत नवी लावून देतो." माझ्या जागी नवी बसली आणि माझ्या बहिणीने रात्रीतून तिला सगळं शिकवलं. जोडीने आपलं काम चोख केलं होतं. मला मात्र दुर्गेश भंगाराच्या पिशवीत टाकायला निघाला.

"थांब," कुसुमताई म्हणाल्या. "हिच्यात यमुताई आहे. कचऱ्यात कशी टाकू?"

त्यांनी मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, स्टीलच्या एका डब्यात ठेवलं आणि डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर सारला. नंतर त्या विसरून गेल्या. मी दीड वर्ष तिथे पडून होते. खाली फोडणीचे वास, कुकरच्या शिट्ट्या, मायलेकींच्या गप्पा. मला सगळं ऐकू यायचं, पण मला विचारणारं कोणी नव्हतं. फार वाईट वाटायचं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात यमुताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, धंतोलीच्या एका दवाखान्यात. जीव वाचला, आवाज गेला. कुसुमताईंनी त्यांचा हात धरून सांगितलं, "कोजागिरीच्या संध्याकाळी माझ्याकडे या. तुमचाच आवाज लावते. पोरी तुमच्याच गाण्यावर भुलाबाई खेळतीन." यमुताईंनी नुसती मान हलवली म्हणे.

घटस्थापनेआधी आपल्याकडे घर कसं घासूनपुसून काढतात! कुसुमताईंनी त्याच जोमाने कंप्युटरही साफ करायला घेतला. पडद्यावर 'भुलाबाई' नावाच्या दोन फायली दिसल्या. एक होती गाण्यांची खरी पेटी, आणि दुसरी नुसती तिच्याकडे नेणारी वाट, म्हणजे शॉर्टकट, अबोलीने सोयीसाठी करून दिलेली. कुसुमताईंना वाटलं, दोन डिस्का आहेत म्हणून दोनदा दिसून राहिलं. एक काढली तरी एक राहीलच. त्यांनी खरी पेटी पुसली, आणि स्वभावच टापटिपीचा, म्हणून कंप्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

माझ्या बहिणीने आणि त्या नव्या डिस्कने काय करावं? एकीवर जे होईल ते दुसरीवर त्याच क्षणी. हुकूम झाला, दोघींनी मिळून पुसलं. त्यात भर म्हणजे दुसऱ्या दिवशी अबोलीने मैत्रिणीच्या लग्नाचे मोठेमोठे व्हिडिओ त्याच मोकळ्या जागेवर भरले.

कोजागिरीच्या सकाळी कुसुमताई गाणी लावायला बसल्या, तेव्हा ती वाट कुठेच जाईना. दुर्गेश धावत आला. दोन तास खटपट करून त्याने हात टेकले. "ताई, त्या जागेवर नवं लिहिल्या गेलं. जोडी डिस्क मेली तर वाचवते. आपल्याच हातानं पुसलं तर ती काय करणार?"

"तू म्हणाला होता तिसरी ठेवा," कुसुमताई म्हणाल्या. "मी हसली होती." मग त्या स्वयंपाकघरात येऊन खाली बसल्या. "मी त्या बाईले काय तोंड दाखवू? आवाज तर तिचा गेलाच, अन् मी उरलेलाही घालवला."

मी वर फळीवर होते. ओरडता आलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

दुपार झाली. मुली तर येणारच होत्या, त्यांच्यासाठी खिरापत करायलाच हवी. अबोलीला झाकणाचा डबा हवा होता. तिने स्टुलावर चढून मला काढलं आणि रिकामा आहे का पाहायला डबा हलवला. माझ्या अंगात कळ गेली, पण मी म्हटलं, हलव बाई, अजून हलव.

"आई, यात काय वाजून राहिलं?"

कुसुमताईंनी मान वर केली. चाळीस वर्षं खिरापत ओळखलेला तो कान. "पुन्हा हलव," त्या म्हणाल्या. "जड आहे. एकच वस्तू आहे. कापडात आहे." आणि त्या उठून उभ्या राहिल्या. "अबोली, हलवू नको. हळूच खाली ठेव. दुर्गेशले पुन्हा बोलाव, तो दुकानातच असन."

दुर्गेशने मला दोन्ही हातांनी उचललं. तार जोडताना म्हणाला, "चालन का नाही, सांगता येत नाही. चालली तर एकदाच चालन." दीड वर्षांनी पोटातल्या चकत्या फिरल्या. टिकटिक झाली. मी ठरवलं होतं, मोडेन पण त्या आधी सगळं देईन. एकेक आवाज मी त्यांच्या हाती ठेवला. डागांनी दोन गाणी खाल्ली होती, आणि यमुताईंचं एक अर्धंच राहिलं होतं. बाकी सगळं आलं.

दिवेलागणीला यमुताई आल्या. मुलींनी फेर धरला. स्पीकरमधून यमुताईंचा खडा आवाज निघाला, मधलं हसूही निघालं, आणि खुर्चीतल्या यमुताईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी ते अर्धं गाणं लागलं. ओळ मध्येच तुटली आणि सगळ्या थबकल्या. यमुताईंचे ओठ मात्र हलतच होते. कुसुमताई त्यांच्या ओठांकडे पाहत पुढची ओळ म्हणाल्या, मग त्यापुढची. मुलींनी ती उचलली. अबोलीने मोबाइल पुढे धरून सगळं टेप केलं.

गाणी झाल्यावर कुसुमताईंनी मला पाटावर, भुलाबाईशेजारी ठेवलं आणि माझ्या पाठीवर कुंकू लावलं.

आता त्या घरात जोडी नाही. दुर्गेशनेच सांगितलं, "ताई, तुमच्या कामाले एकच वेगवान डिस्क पुरे. अन् एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा." ती तोऱ्याची चपटी डिस्क शेवटी आलीच. माझी बहीण गाण्यांची प्रत घेऊन कन्हानला यमुताईंच्या कपाटात राहते. दर महिन्याला अबोली तिला आणते, नवं लिहिते, परत नेऊन ठेवते. मी पुन्हा चालणार नाही, आणि त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, डिस्क वेगवान घ्या नाही तर जोडीने घ्या, पण ज्याच्यावाचून तुमचं अडेल त्याची एक प्रत तुमच्या हाताच्या टप्प्याबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. आजच ठेवा. प्रत्येक घराच्या फळीवर माझ्यासारखी विसरलेली डिस्क सापडेलच असं नाही.

दर वर्षी कोजागिरीला मी पाटावर बसते. ते अर्धं गाणं आता मुली पूर्ण म्हणतात, आणि ओळ जिथे तुटली होती तिथे यमुताईंकडे पाहून हसतात.