वाराची ताटली

मी एक ताटली. जर्मनची. जर्मनी मी पाहिलेली नाही. म्हसवडच्या जत्रेत बनुबाईने घासाघीस करून मला घेतले आणि पाटीत टाकून माण तालुक्यातल्या आपल्या गावी आणले. गावी म्हणजे गावाबाहेर. वेशीच्या आत बनुबाईच्या लोकांचे एकही घर नव्हते. राज्यघटना येऊन पंचवीस वर्षे होत आली होती, पण आमच्या वेशीपर्यंत ती अजून पोचायची होती.

बनुबाई आणि तिचा नवरा गुंडा दिवाळी झाली की फलटणकडे ऊसतोडीला जात. वस्तीवरचे बहुतेक सगळेच जात, पोरांसकट. त्यामुळे वस्तीवरचे पोर चौथीच्या पुढे टिकत नसे. बनुबाईची अंजना तेवढी आत्याजवळ राहून सातवीपर्यंत पोचली होती. सातवीची परीक्षा तालुक्याला होणार होती, आणि नेमकी त्याच वर्षी आत्या वारली.

शाळेचे नानासो गुरुजी अस्वस्थ झाले. त्यांनी चावडीत सभा बोलावली. रात्री झोपायला वस्तीवरची एक शेजारीण होती, पण तिची स्वतःचीच चूल एक वेळ पेटायची. प्रश्न होता जेवणाचा. गुरुजींनी सुचवले, पोरीला वार लावून द्या. म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घरी तिने जेवायचे.

सभेला भरते आले. शाळा कमिटीचे अध्यक्ष हंबीरराव म्हणाले, "सोमवार माजा! पोरगी न्हवं ती, गावाची लेक हाय!" मंगळवार नाथाजीने घेतला. बघता बघता आठवडा भरला. लोक छाती काढून घरी गेले. मी वस्तीवर चुलीपाशी पालथी पडले होते. माझे नाव त्या सभेत निघाले नव्हते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. हंबीररावांनी गड्याबरोबर निरोप धाडला, "पोरीला म्हणावं, येताना ताट घिऊन ये."

असे माझे सार्वजनिक आयुष्य सुरू झाले.

अंजना मला दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकाला चिकटवून नेई. प्रत्येक घरी ती ओट्याखाली उभी राही, मला पुढे धरी आणि वरून भाकरी पडे. ती ओट्याखालीच उकिडवी बसून जेवी, विहिरीपासून लांब राहून मला राखेने घाशी आणि शाळेत जाई. नाथाजीची बायको मनुबाई मोठी मायाळू. "खा गं माजे बाय, वाळलीयास," म्हणे, वर गुळाचा खडाही टाकी. पण तिची मायासुद्धा वीतभर उंचीवरूनच पडे. त्या गुळाच्या खड्याने माझ्या कडेला पोचा आला, तो अजून आहे.

पुढे गावात एकाएकी धर्म वाढला. ज्याच्या घरी वार असे, त्याच्या घरी त्याच दिवशी उपास निघू लागला. चतुर्थी, एकादशी, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. मारुतीने एवढी भक्ती जन्मात पाहिली नसेल. "आज चूल न्हाई गं पेटवली," असे सांगताना आतून फोडणीचा वास येई. अंजना "बरं" म्हणे आणि मला रिकामीच दप्तरात घाली. गुरुजी त्या दिवशी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी देत. माझ्यातच देत, हेही सांगून टाकते.

माघात तालुक्याचे शिक्षणाचे साहेब आले. गावाने गरिबाची लेक शिकवायला घेतली, ही बातमी त्यांच्या कानावर गेली होती. ती कुणी घातली हे मी सांगत नाही. हंबीररावांनी त्या दिवशी नवा फेटा बांधला होता. शाळेपुढे मांडव पडला. हंबीररावांनी अंजनाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले, "सायेब, ही आमच्या समद्या गावाची लेक!" टाळ्या पडल्या. अंजनाचा चेहरा एवढा फुललेला मी तोवर पाहिला नव्हता.

मग जिलबीची पंगत बसली. पत्रावळी मांडल्या होत्या, जेवून फेकायच्या. वर्गातल्या मुलींच्या शेजारी अंजनाही जाऊन बसली. हंबीरराव वाकून हळूच म्हणाले, "आगं, तू मागनं बस बाळ. तुजी ताटली कुटं हाय?"

"आवं तात्या, मी गावाची लेक न्हवं? आत्ताच म्हनालासा."

"आगं, ते भाषान हुतं!"

शेजारचे दोघे-तिघे हसले. साहेब जिलबीकडे बघत राहिले. गुरुजींनी मान खाली घातली, आणि गुरुजी, तुमच्यावर माझा राग आहे तो तेवढ्याचसाठी. अंजना उठली. दप्तरातून मला काढून तिने पंगतीच्या मधोमध पालथे घातले. मग काय वाटले कोण जाणे, मला पुन्हा उचलले आणि तशीच उपाशी चालू लागली. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने ती फलटणला, आईच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीवर पोचली.

गावाने निकाल दिला, "आपन येवडं केलं. खरं त्या लोकास्नी शिकायचंच नसतंय."

कोपीत बनुबाईने सगळे ऐकून घेतले. कोयता खाली ठेवला. मुकादम ओरडला, "बाई गेली की जोडी मोडली! मी कुणाला आनू?" गुंडा म्हणाला, "माज्या भावाला लावतो जोडीला. तू जा गं. न्हाईतर हिच्या हातात कोयता यील." बनुबाई लेकीला घेऊन परत आली. दिवसा पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली, रात्री लेकीला भाकरी थापून दिली. अंजना परीक्षेला बसली आणि पास झाली.

लगेच सभा. हंबीरराव म्हणाले, "गावानं पोरगी शिकवली! आता म्हसवडच्या हायस्कुलाला जाईल. दिवाळीनंतर वार परत लावू."

बनुबाई चावडीच्या पायरीखालून बोलली, "लावा की. खरं आता ताटली न्हाई यायची. पोरगी येकटी यील. घरात बशीवनार, तुमच्या ताटात वाढनार, त्येनं वार सांगावा."

सोमवार बोलला नाही. मंगळवार बोलला नाही. मायाळू मनुबाईचा नाथाजी तंबाखू मळत बसला. आठवडाच्या आठवडा मुका झाला. शेवटी हंबीरराव म्हणाले, "बघू. इचार करू."

ते अजून विचार करताहेत. बनुबाई यंदा ऊसतोडीला गेली नाही. अंजना रोज पायी म्हसवडला जाते. भाषणात अजून गावच तिला शिकवत असते. मी पाण्याच्या घागरीवर झाकण म्हणून आहे, आणि सुखात आहे.

लोकहो, वस्तीवर तिसरी-चौथीतली आणखी पोरे आहेत, आणि सगळ्यांच्याच आयांना घरी राहणे परवडत नाही. त्यांना शाळेत ठेवायचे असेल तर वार जरूर लावा. पण निरोपात माझे नाव घालू नका. मी येणार नाही. तुमच्या फडताळात ताटे आहेत. त्यातले एक काढा.