पुलाच्या मध्यावरून दिसणारी ढोली

अंडी घालायची वेळ आली की धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून स्वतःला कोंडून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. त्या फटीतून नर तिला कित्येक आठवडे भरवतो. बी.एस्सी.ला असताना हे वाचलं, तेव्हापासून मला ते डोळ्यांनी पाहायचं होतं.

अठ्ठ्याण्णव साली, ईस्टरच्या आधी, सालोमी म्हणाली, "ईस्टर झाल्यावर सोमवारी आमच्या चर्चच्या कॉयरची पिकनिक आहे. हायवेपलीकडच्या रानात झुलता पूल आहे ना, तिकडे. आणि ऐक, तिथल्या बेहड्यात धनेशाचं घरटं आहे."

"काठावरून दिसतं?"

"छे! पुलाच्या बरोब्बर मध्यावरून."

सालोमी पापडी गावची, माझी कॉलेजातली मैत्रीण. मी तुळिंजला चौथ्या मजल्यावर राहते आणि तरी गॅलरीत कपडे वाळत घालायला आईलाच जावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर ती हसत होती.

पूल खोल घळीवर होता. दोन पोलादी दोर, त्यांना लटकवलेल्या सळया, पायाखाली फळ्या. एका वेळी पाचच जणांनी जावं, अशी पाटी होती. कॉयर शिकवणाऱ्या ॲन्सेल्म सरांनी लगेच वाटणी केली आणि मला सगळ्यांच्या पुढे धाडलं, "टेनर माझ्याबरोबर. विनया, तू पुढे हो बाळा. सोप्रानो मागून."

दोराची जाडी बघून मी अंदाज केला. आमच्या कितीतरी पट वजन त्याने पेललं असतं. हे सगळं डोक्याला पटलं, पावलांना नाही.

"खाली बघू नको!" सालोमी काठावरून ओरडली.

"मग पाय कुठे टाकू?"

दोन्ही दोर धरून मी सरकत राहिले. मागे सर आणि तिघे टेनर, म्हणजे कॉयरमधले वरच्या सुरात गाणारे पुरुष, गात निघाले, आणि फळ्या वर-खाली व्हायला लागल्या. आधी थोड्या, मग जास्त. मागे वळून पाहिलं. चौघांची पावलं गाण्याबरोबर एकदम पडत होती. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की तो चढतच जातो, तसा पूल चढत होता.

"पावलं वेगवेगळी टाका!" मी किंचाळले. "ताल सोडा!"

"ताल सोडा?" सर म्हणाले. "अख्खा उपवासकाळ धरायला शिकवला यांना!"

टेनरमधला व्हॅलेरियन गाणं थांबवून दोन पावलं चालला आणि केविलवाणा झाला. "सर, सुटत नाही."

"मग थांबा तरी!"

सरांनी मूठ वर केली. कॉयरमध्ये या खुणेचा अर्थ एकच: मूठ उघडेपर्यंत आवाज नाही, हालचाल नाही. सगळे जागच्या जागी थिजले. काठावरच्या सोप्रानो, उंच सुरात गाणाऱ्या मुलीसुद्धा.

मी डोळे मिटून घेतले. पूल हळूहळू निवत गेला. खालून पाण्याचा बारीक आवाज येऊ लागला. मी डोळे उघडले, तेव्हा आजूबाजूला झाडांचे शेंडे होते. जन्मभर ज्यांच्या खालून चालले, ती झाडं माझ्या खांद्याला लागून उभी होती.

पंखांचा जड सपकारा झाला. राखाडी नर बेहड्याच्या खोडावर येऊन टेकला. त्याच्यासमोर सालीत एक उभी चीर होती. त्याने मान झटकली, गळ्यातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आणलं आणि पुढे केलं. चिरेतून दुसऱ्या चोचीचं टोक आलं आणि फळ घेऊन आत गेलं. त्याने पुन्हा मान झटकली. पुन्हा उंबर. किती फळं त्या एवढ्याशा गळ्यात! आणि आत, अंधारात, ती त्याच्या भरवशावर.

कोणी हललं नाही. सरांची मूठ अजून वरच होती. माझा एक हात दोरावरून सुटून झाडाकडे वळला होता. तो कधी सुटला, मला कळलं नाही.

"उतरायचं का, बाळा?" सरांनी ओठ न हलवता विचारलं. "हाताला रग लागली."

"अजून एक फळ, सर," मी म्हणाले.