मालसुनची चव

कोरियातल्या जोंजू शहराच्या बाजारातल्या एका खानावळीत मालसुन अकरा वर्षं मुख्य स्वयंपाकीण होती. तिच्या हातच्या मोड आलेल्या सोयाबीनच्या सुपासाठी सकाळी सातला रांग लागायची. पण मसाला कालवताना ती सगळ्यांकडे पाठ फिरवायची. आधीच्या खानावळीत तिने मालकिणीच्या सुनेला हातचं न राखता सगळं शिकवलं, आणि सून तयार होताच हिला नारळ मिळाला. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता.

त्या हिवाळ्यात तिला सणकून सर्दी झाली. सर्दी गेली, ती चव घेऊनच. मीठ घातलं काय नि न घातलं काय, जिभेला सारखंच. हाताच्या अंदाजावर तिने दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी सुपात मिठाऐवजी घालायच्या खारवलेल्या कोळंबीची नवी बरणी उघडली, ती जास्तच खारट निघाली आणि तीन वाडगे तसेच परत आले.

ती हाताखालच्या गुमोकला म्हणाली, "ये, चाखून बघ. तुझी जीभ कितपत तयार झालीय, कळू दे."

"खारट आहे, ताई."

मालसुनने पाणी वाढवलं. "आता?"

"आता बरोबर."

चार दिवस हे असंच चाललं. पाचव्या दिवशी गुमोकने पळी खाली ठेवली. "ताई, परीक्षा माझी चाललीय, की तुमची चव गेलीय?"

मालसुनचं तोंड उतरलं. "मालकांना सांगितलंस?"

"सांगायचं असतं तर त्या दिवशी लसूण करपला तेव्हाच सांगितलं असतं. तुम्ही शेजारी उभ्या होता, वास आला नाही."

"मग मला तरी बोलायचंस!"

"तुम्ही जवळ येऊ देता का कुणाला?"

मालसुन बराच वेळ भांडी विसळत राहिली. मग मसाल्याचं पातेलं तिने ओट्याच्या मधोमध ठेवलं. "तिखट आधी कोळंबीच्या पाण्यात भिजवायचं. नीट बघ, मी दोनदा सांगत नाही." पण तिने तीनदा सांगितलं.

"माझी आई सुक्या माशांची डोकी रात्रभर भिजवायची," गुमोक म्हणाली. "रस्सा गोड होतो."

"तुझ्या आईची खानावळ होती वाटतं?"

"नाही. घरात नऊ माणसं होती."

मालसुन नुसतीच हुंकारली. दुसऱ्या दिवशी डोकी भिजलेली होती.

आठवड्याने ती स्वतःच मालकांकडे जाऊन सगळं बोलली. मालकांनी डोकं खाजवलं. "सूप बिघडलं नाही ना? मग दोघी मिळून बघा."

वसंतात तिला खारट, आंबट कळू लागलं. गोड अजून परतलेलं नाही. ते गुमोक बघते.