सहाव्यांदा विसळा

मी पाणीवाला. टँकर घेऊन दारोदार फिरणारा नव्हे. चिप बनवायच्या कारखान्यात पाणी शुद्ध करायचा एक विभाग असतो, तिथं बावीस वर्षं काढली. आमचं पाणी इतकं शुद्ध, की त्याला चव नाही, वास नाही, आणि माझ्या मेव्हण्यासारखं त्याला स्वतःचं मतही नाही.

हे पाणी लागतं चकत्या धुवायला. चकती म्हणजे आरशासारखी चकचकीत, पातळ, ताटाएवढी गोल. तिच्यावर शेकडो चिप कोरतात. कोरलं की धुवायचं, परत कोरलं की परत धुवायचं. आमच्या सासूबाई भाजी धुतात तसं. धूळ दिसायची वाट बघायची नाही, भाजी दिसली की धुवायची.

यंदा पाऊस दोन महिने फिरकलाच नाही आणि मग तीन दिवसांत सगळा कोसळून मोकळा झाला. धरणात पाणी कमी, चिखलच जास्त. आमचे फिल्टर दोन महिने टिकायचे, ते आठ दिवसांत गच्च. वर ऊन असं, की कारखाना गार ठेवायला जे मनोरे उभे केलेत तेच घटाघटा पाणी पीत बसले. शेवटी पाणी खात्याचं पत्र आलं : पंधरा दिवसांत बारा टक्के वापर कमी करा, नाहीतर आम्ही येऊन व्हॉल्व्ह फिरवतो.

मोठ्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. शुद्धच असणार. त्यांनी दोन दिवस डोकं धरलं आणि तिसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लावला. दोन नंबरची लाइन सगळ्यात जुनी, सगळ्यात तहानलेली, ती बंद. तिथल्या चौतीस जणांनी एक दिवसाच्या प्रवासावरच्या दुसऱ्या कारखान्यात हजर व्हायचं. जायचं नसेल तर राजीनामा.

यादीत तिसरं नाव माझ्या बायकोचं.

घरी आल्यावर ती कपाटावरची बॅग काढून फडक्यानं पुसत बसली.

"अगं, अजून बारा दिवस आहेत."

"तुम्ही आणि आई दोघंच राहाल इथं," ती म्हणाली. "जमेल?"

आतल्या खोलीतून सासूबाई खोकल्या. सासूबाई आणि मी एका छपराखाली, आणि मध्ये पंच नाही! अंगावर काटा आला. पण खरं सांगतो, हा विनोद मी मनातल्या मनातसुद्धा अर्धाच केला. बॅग लख्ख झाली तरी ती पुसतच होती. सत्तावीस वर्षांत ती माझ्याशिवाय कुठं राहिलेली नाही, आणि मी तर तिच्याशिवाय मोजेसुद्धा शोधू शकत नाही.

त्या क्षणी मला एक गोष्ट आठवली. आठवली कसली, नऊ वर्षं ती माझ्या पोटात गुदगुल्या करत बसली होती. त्या दिवशी पहिल्यांदा टोचली.

त्याचं असं झालं. माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा धुण्याच्या विभागात साधा पर्यवेक्षक होता. सगळे त्याला 'लख्ख' म्हणायचे. चष्मा दिवसातून अकरा वेळा पुसणारा माणूस. त्याची जरा गंमत करावी म्हणून मी एक कागद छापला, अगदी कारखान्याच्या थाटात. चकत्या पाच वेळा विसळायची पद्धत होती. मी खाली ओळ घातली : 'सहाव्यांदा विसळा. टाकी भरून दोन मिनिटं वाहू द्या.' वर एक गोल जांभळा शिक्का ठोकला आणि त्याच्या टेबलावर ठेवून दिला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर टर उडवायची, एवढाच बेत.

नेमकं त्याच दुपारी मला एका पंपानं अडकवून ठेवलं, मेव्हण्यानं सहावं विसळणं सुरूही केलं आणि त्याच आठवड्यात चिप झकास निघाल्या. का निघाल्या देव जाणे. मी त्याच आठवड्यात नवे फिल्टर बसवले होते, हे कुणी विचारलंच नाही. साहेब म्हणाले, सहाव्या विसळण्याची कमाल! ती पायरी मेव्हण्याच्या नावावर लागली, त्याला बढती मिळाली. मी तोंड उघडणार होतो, पण बायको इतकी खूश होती की म्हटलं राहू दे.

आणि आमच्या धंद्याचा एक नियम आहे : चालतंय त्याला हात लावायचा नाही. चिप चांगली का निघते हे कुणालाच पुरतं ठाऊक नसतं, त्यामुळे काहीच बदलायचं नाही. तीन नंबरच्या लाइनवरचं घड्याळ चार वर्षं बंद आहे. ते कुणी उतरवत नाही. न जाणो, त्याच्यामुळेच चांगल्या निघत असतील तर! तसं माझं सहावं विसळणं चारही लाइनींवर गेलं आणि पक्कं होऊन बसलं. रात्रंदिवस दर टाकीला दोन मिनिटं, नऊ वर्षं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मेव्हण्याची केबिन गाठली. आता तो विभागप्रमुख. मागच्या भिंतीवर तोच कागद, काचेच्या फ्रेममध्ये.

"भाऊजी, या! चहा?"

"चहा नको. ते सहावं विसळणं काढून टाक. मी केलेली थट्टा होती ती."

त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. मग खो खो हसत सुटला. "भाऊजी, तुम्ही म्हणजे ना! गेल्या वर्षी माझ्या खुर्चीखाली शिट्टी कुणी बसवली होती?"

"मीच."

"आणि मोठ्या साहेबांच्या नावानं मला टोपी घालून यायला कुणी सांगितलं होतं?"

"तेही मीच. पण हे खरं आहे रे!"

"ते तर तुम्ही दर वेळी म्हणता."

घ्या! बावीस वर्षं लोकांना शेंड्या लावल्या, आता खरं बोललो तर गिऱ्हाईक मिळेना.

दुपारी पाण्यावरच मीटिंग होती. साहेब टेबलावर हात आपटत होते, "कुठंतरी पाणी मुरतंय! शोधा!" मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मग टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी खोली हसायला लागली. साहेबांना ठसका लागला. "बसा हो खाली, बसा! अशा वेळीसुद्धा तुम्हाला सुचतं!"

हसली नाही ती एकटी नवी इंजिनिअर मॅडम. कारखान्यात येऊन तिला चार महिने झाले होते, माझी कीर्ती तिच्या कानावर गेली नव्हती. "पुरावा काय?" तिनं विचारलं.

"तो फ्रेममधला कागद आणा. शिक्का वाचा."

मेव्हण्यानं स्वतः फ्रेम आणली, मोठ्या अभिमानानं. मॅडमनं ती खिडकीच्या उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि मोठ्यानं वाचलं, "वापरून झाले. भंगारात टाका."

जुन्या फिल्टरवर मारायचा आमचा शिक्का तो! नऊ वर्षं चार साहेब त्या कागदाखाली चहा पिऊन गेले, पण शिक्का गोल आहे आणि जांभळा आहे एवढ्यावरच सगळ्यांचं समाधान झालं होतं.

कुणी हसलं नाही. मेव्हण्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून बसला. त्याचा चेहरा बघून माझी सगळी मस्ती उतरली. ज्या कामासाठी त्याचं नाव झालं, ते मी भर सभेत भंगारात काढलं होतं.

"नऊ टक्के पाणी वाचेल," मॅडम आकडेमोड करून म्हणाली. "पण आधी चाचणी. आणि पद्धत बदलायच्या फॉर्मवर पहिली सही, ज्याच्या नावावर ती पायरी आहे त्याची."

सगळे मेव्हण्याकडे बघायला लागले. आमच्या कारखान्यात 'बदल' म्हटलं की पेनातली शाई वाळते. चाचणी फसली तर पहिली सही करणाऱ्याची मान आधी. तो नाही म्हणाला असता तर त्याला कुणीही दोष दिला नसता.

"यादीत ताईचं नाव कितवं आहे?" त्यानं मला विचारलं.

"तिसरं."

त्यानं फॉर्म ओढला आणि सही केली. अक्षर नेहमीसारखं लख्ख नव्हतं. "भाऊजी," तो हळूच म्हणाला, "चकत्या खराब निघाल्या ना, तर आईच्या जोडीला मीही तुमच्याकडेच राहायला येईन. कायमचा." एवढी भयंकर धमकी मला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

चाचणी दोन नंबरच्या लाइनवर झाली. मला शिक्षा म्हणून तिथंच उभं केलं होतं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, फक्त डोळे उघडे. बोलायला बंदी. समोर बायको, तशीच पांढरी. तिला आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं आणि तेव्हापासून माझ्याशी अबोला होता. तिनं चकत्या पाच वेळा विसळल्या. सहाव्या वेळेला तिचा हात सवयीनं बटणाकडे गेला, थांबला, मागे आला. मग तिनं माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षं त्या बटणाशी ती दोन-दोन मिनिटं उभी राहिली होती, आणि पाय दुखतात म्हणून घरी मी तिलाच बाम आणून द्यायचो. दिसत फक्त डोळे होते, पण मला पूर्ण भाषण ऐकू आलं.

तीन दिवसांनी निकाल लागला. चकत्यांना काही फरक नाही. जशा होत्या तशा. साहेबांनी मला बोलावून अर्धा तास झापलं, दोन महिने रविवारची पाळी दिली आणि शेवटी म्हणाले, "नऊ झाले. लागतात बारा. तीन टक्क्यांसाठी लाइन वाचत नाही हो."

बाहेर बायको उभी होती. अबोला सोडून तिनं विचारलं, "किती कमी पडतात?"

"तीन."

"अहो, मी तुम्हाला ओळखत नाही का? अजून कुठं काय करून ठेवलंय?"

"काही नाही गं. शपथ."

"चला तुमच्या विभागात."

गेलो. माझा जोडीदार पाण्याचा नमुना घेत होता. पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस, दोन लेकींचा बाप. नळ धो धो सोडून शांतपणे घड्याळाकडे बघत उभा.

"भावजी, बाटली एवढीशी आणि नळ एवढा वेळ?" बायकोनं विचारलं.

"दहा मिनिटं सोडावा लागतो, वहिनी," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "पाणी लाजतं. माणसासमोर लगेच खरं बोलत नाही."

बायको सावकाश माझ्याकडे वळली.

"तो नवीन होता तेव्हा," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी... जरा गंमत म्हणून..."

"आणि खरं किती वेळ लागतो?"

"एक मिनिट."

जोडीदाराचा हात नळावर तसाच राहिला. "पण मी तर पुढं आठ जणांना शिकवलंय," तो म्हणाला.

"असे नळ किती?"

"एकोणीस. तिन्ही पाळ्यांत."

बायकोनं बाह्या वर केल्या. "भावजी, वही घ्या. मॅडमना बोलवा. आणि तुम्ही," माझ्याकडे बोट, "माझ्यापुढं चालायचं. प्रत्येक नळापाशी थांबायचं आणि खरं सांगायचं."

पहिल्या नळापाशी थांबलो. "एक मिनिट," मी म्हणालो. दुसऱ्यापाशी, "एक मिनिट." तिसऱ्यापाशी मॅडम येऊन पोचली, चौथ्यापाशी मेव्हणा, चष्मा पुसत. सातव्या नळापाशी मी जरा जास्तच वेळ थांबलो.

"बोला," बायको म्हणाली.

"या नळाचा तपासणीशी काही संबंधच नाही," मी म्हणालो. "म्हणजे पाणी खरं आहे. पण इथून नमुना घ्यायची गरजच नाही. हे नळावरचं लेबल..."

"तुमचं?"

"माझं."

तिनं स्वतः नळ आवळून बंद केला, लेबल ओढून काढलं आणि माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवलं. मॅडमनं मीटर बघून वहीत आकडा टाकला : दहा पूर्णांक चार टक्के. मेव्हणा एकदम ओरडला, "भाऊजी, आठवा! अजून आठवा!"

जन्मात पहिल्यांदाच माझ्या वात्रटपणाला कुणी एवढं प्रोत्साहन देत होतं. मी डोकं खाजवत आठव्या नळाकडे निघालो.