गाठ मार

ठिणगी म्हणायच्या तिला सुधारगृहातल्या पोरी. सोळा वर्षांची, काडीसारखी; पण हात असा चालायचा की डोळ्याला दिसायच्या आत गालाला कळायचं. समोरच्याचा हात नुसता हलला तरी हिला तो वारच वाटायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. ठिणगी हसली होती, "जन्मभर लोकांनी नावं ठेवली. तुम्ही निदान एकच ठेवलंत."

"पण मारल्याशिवाय माणसं ऐकत नाहीत, असं का वाटतं तुला?" बाईंनी विचारलं होतं.

"तुम्ही कधी मारून बघितलंय?"

आज आत्या येणार होती. आईबापांमागे हिला वाढवणारी आत्या; आणि जिन्यात हिनंच जिचं उजवं मनगट मोडलं, तीही हीच आत्या. ती 'नेते' म्हणाली तर घर. "पण हात उचललास," अधीक्षकबाईंनी बजावलं होतं, "तर अठरा पुरी होईतो इथंच."

म्हणून भेटीच्या खोलीत ठिणगी हात मांड्यांखाली दाबून बसली होती, कोंबडी अंडी दाबून बसते तशी. दाराशी खुर्ची टाकून अधीक्षकबाई.

आत्या आली. गळ्यातला स्कार्फ सुटून लोंबत होता. "किती वाळलीस गं," म्हणत तिनं डावा हात पोरीच्या केसांकडे नेला.

हात हलला, आणि ठिणगीचा हात वर गेला. तिनं उचलला नाही; गेला. वर जाऊन तिथंच अडकला, पडेना की उतरेना. अधीक्षकबाई खुर्चीवरून उठल्या.

आत्याची पापणी लवली नाही. "मार," ती म्हणाली.



"मार की. ही गाठ मार. तुझ्या कृपेनं मला एका हातानं येत नाही. रोज शेजारणीच्या विनवण्या." आणि हनुवटी वर करून तिनं गळा पुढं केला.

हात कधी उतरला ते ठिणगीला कळलंच नाही. स्कार्फची टोकं बोटांत होती. बोटांखाली आत्याची शीर उडत होती, भराभरा, मुठीत धरलेल्या चिमणीच्या उरासारखी. ज्या हाताला बघून पोरी भिंतीला चिकटायच्या, त्या हातात कुणी आपला गळा आणून ठेवला होता.

"आत्या... भीती नाही वाटत तुला?"

"वाटते की. मेली फार वाटते."

"मग?"

"मग काय! थंडी त्याहून जास्त वाटते. मार लवकर."

ठिणगीनं गाठ मारली. घट्ट नाही, सैल नाही. मग आपल्याच हातांकडे बघत राहिली, कुठली परकी पाखरं येऊन मांडीवर बसावीत तशी. हलायचं धाडस होईना, उडून जातील म्हणून.

आत्या अधीक्षकबाईंकडे वळली. "बाई, हात वर गेला तो तुम्ही पाहिलात. खाली आला तोही पाहिलात ना?"

अधीक्षकबाई हळूच खाली बसल्या. होकाराची मान हलवली.

"मग मी नेते हिला. सही कुठं करायची? डाव्या हाताची चालते ना?"